बोललं की अडणारा कॉम्प्युटर

माऊस हलवल्यावर स्क्रीनवरचा बाण हलायला तीन-चार सेकंद लागत होते. अण्णा माझ्याकडे बघत होते, मी बाणाकडे बघत होते आणि टेबलापलीकडच्या खुर्च्यांवर बसलेले दोघे भाऊ घड्याळाकडे बघत होते.

"बगा ताई," अण्णा म्हणाले, "तुमच्या दुकानात पळतोय आन् माज्या टेबलावर फतकल मारून बसतोय. मी काय खायला घालत न्हाई व्हय त्याला?"

मला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. माझं साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि या एका कॉम्प्युटरसाठी वडूजला यायची ही माझी तिसरी खेप होती.

अण्णा दस्तलेखक आहेत. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र असे जमिनीचे कागद ते लिहून देतात आणि मग ते सरकारी कार्यालयात नोंदवले जातात. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालायला लागले, बोलणं पहिल्यासारखं स्वच्छ झालं, पण उजव्या हाताची बोटं काही परत कामाला आली नाहीत. तेव्हापासून ते माईकसमोर बोलतात आणि ब्राउझरमधलं व्हॉइस टायपिंग ते मराठीत उतरवून घेतं. कॉम्प्युटर अडला की अण्णाच अडतात.

त्या दिवशी अडून चालणार नव्हतं. समोरच्या भावांपैकी धाकटा फौजेत होता. रजा संपत आलेली, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. वाटणीपत्रावर दोघांनी एकत्र सह्या करायच्या होत्या आणि नोंदणीचं टोकन दुपारी साडेतीनचं होतं. मी पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. कागदाच्या चार ओळी झाल्या होत्या.

अण्णांनी मला जरा बाजूला घेतलं. "ताई, ह्यो कागद झाला न्हाई तर मी टेबल उचलनार. लोकास्नी ताटकळत ठेवायचं म्हंजी काय? त्यापरीस घरी बसल्यालं बरं."

ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले. आणि आधीच्या दोन खेपांत मी काय केलं ते मला ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला मी आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं औषध दिलं होतं. RAM वाढवली. RAM म्हणजे कॉम्प्युटरला काम पसरायला लागणारी जागा. ती वाढवली की गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. आठ दिवसांत पुन्हा फोन. दुसऱ्या खेपेला मी म्हणाले, "फक्त सीपीयू नेते, माईक-बिईक इथंच राहू द्या." सीपीयूचा डबा साताऱ्याला आणला. फॉरमॅट करायला, म्हणजे सगळं पुसून नव्यानं भरायला, अण्णांची ना होती, कारण वीस-बावीस वर्षांचे कागदांचे नमुने त्यात. म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या, जास्त वेगवान SSD डिस्कवर उतरवलं. दोन दिवस दुकानात चालवून बघितला. घोड्यासारखा पळत होता. वडूजला आला आणि पुन्हा बसला.

आता मी टास्क मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरच्या आत कोण किती राबतंय ते यात दिसतं. तो उघडेपर्यंत समोर भावांचं जुंपलं. विहिरीच्या पाण्याची पाळी वाटणीपत्रात कशी लिहायची, यावरून.

"आठवड्यातलं चार दिस माजं," थोरला म्हणाला.

"चार कशानं? मी फौजेत हाय म्हून माजा ऊस पानी पीत न्हाई व्हय?"

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी, काकू, घरून जेवणाचा डबा घेऊन आल्या. डबा टेबलावर ठेवून त्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, "झालं. लागला घुमायला. मानसं भांडाय लागली की ह्यो बी घूं घूं करतोय. मी दोन म्हयनं सांगतिया, कोन ऐकतंय?"

मी ऐकलं. सीपीयूचा पंखा खरंच जोरात फिरत होता.

"सगळे जरा गप्प बसा," मी म्हणाले.

सगळे गप्प बसले. अर्ध्या मिनिटात पंखा मंदावला. स्क्रीनवर सीपीयूवरच्या कामाचा आकडा नऊ टक्क्यांवर आला.

"आता भांडा."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. धाकटा म्हणाला, "असं सांगून कसं भांडायचं, ताई?"

"मघाचंच. विहिरीचं."

थोरल्यानं घसा खाकरला. "चार दिस माजं," तो जरा लाजतच म्हणाला. आकडा सत्तर. धाकट्यानं उत्तर दिलं, थोरल्याची लाज गेली, आवाज चढले आणि आकडा शंभरवर जाऊन चिकटला.

मला स्वतःच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटली. दुकानात माईकच नव्हता. कॉम्प्युटरला तिथं काही ऐकूच येत नव्हतं, मग तो पळणारच. इथं दस्तलेखकाचं टेबल. लिहिलेला कागद दोन्ही बाजूंना मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्यावर वाद व्हायचा, मग दुरुस्ती. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. आणि आत कोणीतरी बसून ते सगळं ऐकत होतं.

यादी वर-खाली केली तर एक नाही, तीन निघाले. आवाज ओळखणारी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर. खिडकी कुठलीच उघडी नाही. पण तिन्हींच्या सर्व्हिसेस मागे चालू होत्या. सर्व्हिस म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की न सांगता कामाला लागणारा गडी. हे तिघे सबंध दिवस वडूजकरांची भांडणं उतरवून घ्यायच्या खटपटीत होते, आणि त्यातल्या एकाला तर इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं. बिचारा.

"अण्णा, ही तिन्ही तुम्ही वापरता?"

"एक बी न्हाई. मला आपलं ब्राउझरमदलं जमतंय."

"मग घातली कुणी?"

अण्णा ओशाळले. "आवं, हात गेला म्हनल्यावर मानसं बगायला आली. कुनी हात हलवत येतंय व्हय? पुतन्या पुन्याचा, त्यानं एक घातलं. एक पक्षकार, बंगळूरला नोकरीला, त्यानं दोन म्हयन्यामागं अजून एक घातलं. मायेनं दिल्यालं काडून कसं टाकायचं?"

आजाऱ्याला बघायला येताना लोक सफरचंदं आणतात. अण्णांना सॉफ्टवेअर मिळाली होती. फळं निदान संपतात तरी.

मी एकाला टास्क मॅनेजरमधून बंद केलं. पाच सेकंदांत ते परत उठलं. अशा सर्व्हिसला बंद पडल्यास स्वतःहून सुरू व्हायचा हुकूम दिलेला असतो. म्हणून सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन आधी तो हुकूम काढून घेतला, ती कायमची थांबवली आणि मग सॉफ्टवेअर काढून टाकलं. पुतण्याचं गेलं. बंगळूरवाल्याचं गेलं. तिसऱ्यावर हात ठेवला तर काकू पुढं आल्या.

"त्ये न्हाई काडायचं. जावयाचं हाय."

जावई लोणंदला कारखान्याच्या ऑफिसात. पहिल्या दिवाळीला आले तेव्हा सासऱ्यांना हे भेट दिलेलं, आणि दर वर्षी आठवणीनं रिन्यूही करत होते.

"काकू, तेच सगळ्यात जड आहे."

"असू दे. लेकीला ऐकून घ्यावं लागंल."

पाऊण वाजला होता. मी तडजोड सुचवली. सर्व्हिस बंद करते, आयकॉन डेस्कटॉपवर राहू दे. पाटी तशीच, दुकान बंद.

काकू विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी जावयाला फशिवल्यागतच झालं की. त्यापरीस इचारा सरळ."

अण्णांनी डाव्या हातानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बराच वेळ तिकडची ख्यालीखुशाली चालली. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. शेवटी अण्णा म्हणाले, "जावईबापू, त्ये तुमी बसवल्यालं सॉफ्टवेअर... लय चांगलं हाय, पर..."

"मामा, तुमी अजून वापरताय त्ये?" पलीकडून आवाज आला. "मी माज्याकडनं कवाच काडलं! लय जड हाय. पर तुमी रोज वापरताय असं तुमची लेक म्हनली, म्हून मी गप रिन्यू करतोय."

मग फौजी भाऊ फिसकन हसला आणि सगळेच हसायला लागले. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि तेवढ्यात मी तिसरंही काढून टाकलं.

एक वाजून दहा मिनिटांनी अण्णा माईकसमोर बसले. "लिहून देणार," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता शब्द स्क्रीनवर उमटले. गट नंबर, चतुःसीमा, बांध, विहीर. अण्णांचा आवाज भरदार झाला, ते थांबेनात. मी आकड्यावर नजर ठेवून होते. पंधराच्या वर गेला नाही. पाण्याची पाळी साडेतीन-साडेतीन दिवसांची ठरली. अण्णांनी सबंध कागद मोठ्यानं वाचून दाखवला, भावांनी माना डोलावल्या, आणि तीन वाजून वीस मिनिटांनी दोघे प्रिंट घेऊन समोरच्या नोंदणी कचेरीची पायरी चढले.

चार-सव्वाचारला ते नोंदवलेला कागद घेऊनच परत आले. फौजी अण्णांच्या पाया पडला. "अण्णा, फुडल्या सुट्टीत घराचा कागद करायचाय. तुमच्याकडंच."

"ये की," अण्णा म्हणाले. "मी कुटं चाललोय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि रिकामा डबा पिशवीत भरायला घेतला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच नाकारत नाही.

निघताना मी कबूल केलं, "अण्णा, ती वाढवलेली RAM खरं तर लागतच नव्हती. काढून परत नेते."

"ऱ्हाऊ द्या, ताई. तुमी बी मायेनंच बसवली आसंल."

RAM तिथंच राहिली. मी दुकानातली पद्धत मात्र बदलली. 'फक्त सीपीयू आणा' म्हणणं बंद केलं. आणि कॉम्प्युटर स्लो झाल्याचा फोन आला, की RAM किती आहे ते नंतर. आधी विचारते, तुमच्याकडे मध्यंतरी पाहुणे कोण कोण येऊन गेले?