शिंप्याचं बोट

घरोघरी जाऊन पेशंटची साखर सांभाळायची, हे माझं काम. मंगळवारी आणि शुक्रवारी शिंपीकाकांचं घर. तिथे मला दहा मिनिटं पुरायची, कारण सगळं काकूच करायच्या. सकाळी उपाशीपोटी साखर तपासायची, आकडा वहीत लिहायचा, काकांच्या पोटात इन्सुलिन टोचायचं, मग चहा. त्यांची वही मी इतर पेशंटना दाखवायचे, "बघा, शिका जरा."

काका सत्तरीचे, अजून मशीनवर बसायचे. इन्सुलिनला त्यांची ना नव्हती. "पोट कुठे शिवणाला लागतं?" म्हणायचे.

आकडे मात्र ऐकेनात. दोनशे चाळीस, दोनशे साठ, दोनशे ऐंशी. डॉक्टर फोनवर डोस वाढवत गेले. काकूंनी गोड बंद केलं, बटाटा बंद केला. तरी आकडा चढतोच. मी काकांना झापलं, "चोरून काय खाता, ते खरं सांगा!" काका शपथा घ्यायचे. माझा काडीचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी गेले तर काका मशीनपुढे घामाने निथळत बसलेले. सुईत दोरा जाईना. हात लटपटत होते, बोलणं अडखळत होतं. वहीत सकाळचा आकडा, दोनशे सत्त्याऐंशी.

एवढी साखर असलेला माणूस असा थरथरत नाही. मी काकांचं बोट धरलं. ते हिसका मारून सोडवायला बघत होते, पण मी टोचलंच. अठ्ठेचाळीस. साखर तपासायचं मशीन बिघडलं असेल म्हणून परत टोचलं. सेहेचाळीस. माझी पाचावर धारण बसली. साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ब्याऐंशी. काकांनी आधी मला ओळखलं, मग बोटाकडे बघून शिवी दिली. म्हटलं, सुटले!

"काकू, सकाळी नीट टोचलं होतंत ना?"

"हो की. माझंच बोट."

"तुमचं?"

"यांना बोट टोचलेलं चालत नाही. कापडाला रक्ताचा डाग पडला तर गिऱ्हाईक जातं. म्हणून तीन महिने मीच माझं टोचते."

"अहो काकू, साखर कुणाची तपासायची होती?"

"ताट एक, पथ्य एक. आणि चाळीस वर्षांचा संसार, सिस्टर. रक्तात असा काय फरक पडणार?"

मी कपाळावर हात मारला. काकूंच्या साखरेवर काकांना इन्सुलिन चाललं होतं. आणखी एकदा डोस वाढला असता, तर काका हातचे गेले असते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी काकांचा डोस निम्म्यावर आणला आणि विचारलं, "मग दोनशे सत्त्याऐंशी कुणाची?"

काकूंचं बोट मी स्वतः टोचलं. तीनशे सहा.

"काकू, साखर तुम्हालाही आहे. बरीच आहे."

"गॅस बंद करून येते," म्हणून त्या आत गेल्या, त्या आल्याच नाहीत. मी मागोमाग गेले. गॅस बंदच होता. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"मला वाटायचं, वय झालं म्हणून दमते," त्या म्हणाल्या. "घसा सारखा कोरडा. रात्री चार वेळा उठायचं. कुणी विचारलंच नाही, सिस्टर."

आठवड्यातून दोनदा मी त्या घरी जात होते. मीही विचारलं नव्हतं.