ओवीशी कोणत्या भाषेत बोलायचं?

आमच्या घरी कोणीही आलं की ओवीचे किस्से निघतात. मी एक सांगायला घेतला, की प्रशांत, माझा नवरा, मधेच म्हणतो, ‘‘अन् तो प्लेग्रुपचा?’’ आता हसतो आम्ही! तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पोरगी तीन वर्षांची झाली आणि बोलतच नव्हती. मम्मा, पप्पा, दूध, नाही. बस्स, चार शब्द!

*

सल्ला देणारे तर विचारूच नका. शेजारच्या वंदनाताई म्हणाल्या, ‘‘अवो, दोन भाषा एकदम नोका देऊ. लेकराचं डोकं गोंधळते.’’ ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ‘‘पाच वर्षं मराठीच ठेव. इंग्रजी काय, मागून येतेच.’’ प्लेग्रुपच्या मिस म्हणाल्या, ‘‘घरी ओन्ली इंग्लिश! आत्ता नाही तर कधीच नाही.’’

मी घाबरून आमच्या भंडाऱ्यातल्याच एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान तपासले, तिच्याशी खेळले आणि म्हणाले, ‘‘एक भाषा बोला, दोन बोला, पण पोरीशी भरपूर बोला. काही मुलं वेळ घेतात.’’

आम्ही डॉक्टरांचं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकलं!

*

ॲडमिशनचा इंटरव्ह्यू जवळ आला होता. म्हणून मिसचं ऐकायचं ठरलं. घरात फक्त इंग्रजी!

आता आम्हा दोघांचं इंग्रजी म्हणजे नोकरीपुरतं. ईमेल येतो लिहिता, पण वरणात मीठ जास्त पडलं म्हणून बायकोवर चिडायचं कसं, हे प्रशांतला इंग्रजीत जमेना. बिचारा मुकाट जेवायचा. मलाही टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ओरडता येईना. आठ दिवस भांडण नाही!

नवव्या दिवशी वंदनाताईंनी मला दारातच गाठलं. आवाज बारीक करून म्हणाल्या, ‘‘तुमचं दोघाचं बरं चालू हाये ना वो? घर लयच शांत हाये!’’

*

मग तो प्लेग्रुपचा. मिसनी सफरचंदाचं कार्ड धरलं. ‘‘ओवी, व्हॉट इज धिस?’’ ओवी बघतेय. बाजूची पोरं हात वर करून नाचतायत. मी खिडकीबाहेर उभी. मिसनी परत विचारलं. ओवी गप्पच.

‘‘ॲपल!’’ मीच ओरडले.

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. मिस शांतपणे म्हणाल्या, ‘‘मम्मी, ॲडमिशन तुम्हाला घ्यायचीय का?’’

सगळ्या आया हसल्या. मी पण हसले आणि स्कूटीवर बसून रडत घरी आले. माझंच काहीतरी चुकतंय, एवढंच डोक्यात.

*

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोंढ्याला धानाची शेती करतात. त्यांना इंग्रजी येत नाही. प्रशांतनं फोनवर सांगून टाकलं, ‘‘बाबा, तिच्याशी आपल्या भाषेत बोलू नका. थोडे दिवसच.’’

पुढच्या आठवड्यात मामाजी एसटीनं आले. मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर दोघं समोरासमोर बसून शेंगा फोडतायत. ते दाणे तिच्या हातात देतात, ती खाते. एक शब्द नाही.

‘‘मामाजी, एवढे गप्प?’’

‘‘माह्या बोलन्यानं पोरीचं नुकसान होते म्हंते ना हा. मंग गप्पच बरा.’’

मला इतकी लाज वाटली! पण ‘बोला हो’ असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. भीतीच तेवढी होती.

*

आणि आता कोंढ्याचा.

रोवण्याचे दिवस. पाण्यानं भरलेल्या बांध्यांत, म्हणजे वाफ्यांत, बाया धान रोवत होत्या, डिझेल इंजिन धडधडत होतं. प्रशांत अन् मी पार पलीकडच्या धुऱ्याच्या बांधालगत, गुडघ्याएवढ्या चिखलात. ओवी मामाजींजवळ होती.

मी मान वर केली, तर ओवी एकटीच निघालेली. सरळ बोडीकडे! आमची बोडी तळ्याहून लहान, पण पावसानं काठोकाठ भरलेली. मी ओरडले. इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू जातंय! पळायला लागले, तर पाय रुतलेले.

मामाजींनी पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. हात नुसते हवेत. देवा, हा माणूस इंग्रजी शब्द शोधत होता!

ओवी पार काठावर गेली.

‘‘थांब वं माय! पुढं नोको जाऊ!’’

ओवी थांबली. मी धडपडत पोचले तेव्हा मामाजी तिचा दंड धरून चिखलात बसलेले. ओवीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

‘‘काहून?’’

‘काहून’ म्हणजे ‘का’. तिचा पाचवा शब्द! मागून आलेल्या प्रशांतनंही ऐकला.

‘‘काहून म्हंजे? बुडशीन ना वं!’’ मामाजींचा आवाज फाटला होता. ‘‘पानी हाये तठी!’’

ओवीनं बोडीकडे पाहिलं. मग परत मामाजींकडे.

‘‘पानी काहून हाये?’’