भुरा धावता धावता हंबरला

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर तोंडावर खोटं म्हटलं आहे. आमच्या शेजारच्या एका बाईच्या अंगात यायचं. केस सोडून घुमायला लागली की बाया तिच्या पाया पडायच्या. मी म्हणायचे, "बाई, चुलीवरचा भात करपून राहिला." देवी लगेच उठून भात पाहायला जायची! तर मी अशी आहे. आजही माझा विश्वास नाही. तरी हा अनुभव लिहून पाठवते आहे, कारण आमच्याकडे लोक ही गोष्ट चुकीची सांगतात... आणि सांगताना माझं नाव घेतात.

आमचं गाव तुमसर तालुक्यातलं, सिहोऱ्याच्या पुढे, बावनथडी नदीच्या अंगाला. नदीपलीकडे मध्य प्रदेश. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. संक्रांत होऊन गेली होती, धान घरात आलं होतं आणि रिकाम्या बांध्यांत, म्हणजे कापणी झालेल्या धानाच्या शेतांत, शंकरपट भरला होता. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते — हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपतात आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरून दोन जोड्या एकदम सोडतात. त्या पट्टीला दाण म्हणतात. हरली ती जोडी बाहेर, जिंकली ती पुढे; शिवाय प्रत्येक जोडीला लागलेला वेळ एक पंच घड्याळावर पाहतो. शेवटी दोन उरतात, त्यांच्यात पहिला नंबर ठरतो.

माझे सासरे — आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो — या पटांत नावाजलेले होते. स्वतःच्या जोडीसाठी तर होतेच, पण दुसऱ्यांच्या जोड्या पारखण्यासाठी जास्त. सकाळी सगळ्या जोड्यांमधून एक चक्कर मारायचे आणि सांगायचे, आज ही पहिली, ही दुसरी. ही विद्या त्यांनी दोन मुलांपैकी एकालाही दिली नाही. मला दिली. का? तर मुलांना दम नव्हता आणि गोठा मी झाडत होते. ते म्हणायचे, "बैल पायानं नाही पळत बाई, पाठीनं पळते. अन् जोडी पाहाची म्हनजे बैल नाही पाहाचे, दोघायच्या मधातली जागा पाहाची." मी ते शिकले. चांगलं शिकले. चौथीपर्यंत शाळा झाली होती माझी, पण त्या शाळेतलं मला एवढं आठवत नाही.

त्या पटाच्या आधीच्या पावसाळ्यात मामाजी वारले. जोडी मागे राहिली — तुफान आणि भुरा. तुफान पांढरा, उंच, दिसायला देखणा. भुरा बुटका, मातकट रंगाचा, घरच्या गायीचा. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आता घराचे कर्ते झाले. त्यांचं म्हणणं, पटाचे बैल नांगराला चालत नाहीत, नुसते बसून खातात. यंदा पहिला नंबर आला तर ठेवू, नाही तर विकू. नुसतं बोलून थांबले नाहीत, बैलांचा व्यापारी पटालाच सोबत घेऊन आले!

मी बैलाला लेकरू वगैरे म्हणत नाही. बैल बैल असतो. पण भुऱ्याला मी वासरापासून वाढवलं होतं, आणि घडवलेली वस्तू मोडीत जाताना कोणालाही बरं वाटत नाही.

भासऱ्याशी तोंडातोंडी बोलायची आमच्यात रीत नव्हती. पदर पुढे ओढायचा आणि नवऱ्यामार्फत बोलायचं. नवरा जवळ नसला तर मी बैलाशी बोलायचे आणि भासऱ्यांनी ऐकायचं. असाच संसार चालला होता.

तर पटाच्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडांखाली जोड्या बांधल्या होत्या. बाया पटाला येत, पण बांगड्यांच्या दुकानाशी आणि बांधावर. जोड्यांमधून फिरणारी मी एकटीच. एका पोराटोरांच्या घोळक्यातून आवाज आला, "बुढ्याची सून आली रे, आता हे बैलायची नाडी पाहीन!" मी म्हटलं, "आधी तुही पाहू काय? रंग तं पिवळा दिसून राहिला."

त्या दिवशी तीन जोड्यांची चर्चा होती. एक तुमसरच्या एका शेठची. अंगावर माशी घसरेल अशी चकाकी, शिंगांना पितळी टोपणं. मी त्यांचं शेण पाहिलं. पातळ होतं. तूप-अंडी जास्त झाली होती. डावा बैल उठताना आधी मागचा उजवा पाय सावरून घेत होता. तिथेच मोठ्यानं म्हटलं, ही दुसऱ्या फेरीच्या पुढे जात नाही.

दुसरी जोडी नदीपलीकडच्या एका पटेलांची, बालाघाटकडची. रंगानं साधी, अंगानं बेताची. पण त्यांच्यापुढे बादली ठेवली तेव्हा दोघांनी एकदम तोंड घातलं आणि एकदम वर काढलं. एकानं कान हलवला की दुसऱ्याचा हलायचा. मधली जागा अशी, जणू दोघांना एकच पाठ आहे! मी बराच वेळ उभी राहिले. तिथेच मला कळलं.

तिसरी जोडी आमची.

मी परत आले तर भासरे, तो व्यापारी आणि खुद्द पटेल आमच्या बैलांजवळ उभे. भासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "विचार तिले, आपला नंबर कितवा?"

नवरा माझ्याकडे बघू लागला. पहिला म्हण, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मलाही ते म्हणता आलं असतं. मी भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यालाच म्हटलं, "भुऱ्या, तू दुसरा रे बाप्पा. पहिली जोडी पटेलाची."

व्यापारी हसला. भासरे चिडले. "घरचंच मानूस असं बोलते, तं बाहेरच्याले काय म्हनाचं!"

पटेल मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाई, अपनी जोडी को दूसरा बोलने के लिए कलेजा चाहिए."

मी म्हटलं, "कलेजा कायले लागते जी? डोळे लागतात."

पट सुरू झाला. शेठची जोडी पहिली फेरी जिंकली, दुसऱ्या फेरीत डावा बैल मागे पडला आणि छकडा आडवा झाला. बांधावरच्या बाया माझ्याकडे वळून पाहू लागल्या. दुपार कलली तेव्हा दोन जोड्या उरल्या — पटेलांची आणि आमची. मी सकाळी सांगितलं होतं तसंच. आमची जोडी हाकायला माझा नवरा होता.

आता जे झालं ते जसं पाहिलं तसं लिहिते, त्यात पदरचं काही नाही.

जोड्या सुटल्या. अर्ध्या दाणीपर्यंत बरोबरीनं. मग पटेलांची जोडी सरकली... एक हात, दोन हात, पूर्ण बैलाची लांबी. माझ्या मनात आलं, झालं, भुरा गेला. मी व्यापाऱ्याकडे पाहिलंसुद्धा. आणि तेवढ्यात भुरा हंबरला.

धावता बैल कधी हंबरत नाही. तेवढा श्वासच नसतो त्याला. पन्नास पट पाहिलेल्या माणसाला विचारा. आणि हे हंबरणं मी ओळखत होते. मामाजी सकाळी गोठ्याचं दार उघडायचे तेव्हाचं ते हंबरणं. ते वारल्यापासून भुऱ्यानं तो आवाज काढला नव्हता.

त्याच क्षणी पटेलांचे दोन्ही बैल बाजूला झाले. बुजले नाहीत, अडखळले नाहीत. वाटेत माणूस बसला असला तर समजदार बैल त्याला वळसा घालून जातो ना — तसे गेले. एकदम, दोघं, आणि पुन्हा दाणीवर आले. दाण तिथे साफ रिकामी होती. मी अगदी समोर होते, ऊन पडलेलं होतं. त्या वळशात आमची जोडी पुढे निघाली आणि पहिली पोचली.

केवढा गोंधळ उडाला! गुलाल, हलगी... भासऱ्यांनी फेटा उडवला. कोणीतरी ओरडलं, "बुढा आला होता! बुढ्यानं आपली जोडी जितवली!" आणि ते सगळ्यांच्या तोंडी झालं.

पटेल त्या जागी आले, मीही गेले. आम्ही दोघांनी जमीन पाहिली. खड्डा नाही, दगड नाही, साप नाही, कापडाचा तुकडा नाही. धानाची तुटकी खोडं आणि धूळ. पटेलांनी हाकणाऱ्याला विचारलं, तू काय पाहिलंस? तो रडवेला झाला होता. "मेरे को कुछ नहीं दिखा, मालिक. बैलों को दिखा."

मला राग आला होता. सकाळी सगळ्यांसमोर मी पटेलांची जोडी पहिली म्हटली होती आणि आता लोक हसून म्हणत होते, "सुनेची पारख चुकली, सासऱ्यानं सुधारली." माझी पारख चुकली नव्हती. मी पंचांपुढे गेले आणि म्हटलं, "पटेलाची जोडी पुन्हा सोडा. एकटीच. अन् घड्याळ लावून पाहा."

भासरे धावत आले. नवऱ्याला म्हणाले, "समजाव तिले! जितलेला नंबर काहून घालवून राहिली? मंग बैल मीच इकतो, आजच!"

आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा पदर मागे सारून भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले. "इका. पन मी खोटी पडली नाही, हे पाहून मंग इका."

रीत मोडली होती. पंच म्हणाले, नंबर दिला तो दिला, बदलणार नाही. पण पटेलांची इच्छा असेल तर त्यांनी जोडी सोडावी. पटेल म्हणाले, "मुझे भी देखना है."

जोडी पुन्हा सुटली. थकलेले बैल, तरी दोरी ताणल्यासारखे सरळ गेले. त्या जागेवरूनही सरळ गेले, कान हलला नाही. घड्याळवाल्या पंचानं काटा पाहिला, शेजारच्या पंचाला दाखवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, हे तं दिवसभरात सगळ्यात कमी वेळ आहे."

मला तेवढंच ऐकायचं होतं.

बैल विकले नाहीत. भासऱ्यांनी व्यापाऱ्याला तिथूनच परत पाठवलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पटाच्या सकाळी ते अंगणात आले आणि थेट मलाच म्हणाले, "चाल, जोड्या पाहून घेऊ." त्यानंतर दहा-बारा वर्षं मी सिहोऱ्यापासून तुमसरपर्यंत पटांत फिरले. पारखायला लोक मला बैलगाडी पाठवून बोलवायचे. क्वचित चुकले असेन. ज्यांच्या लक्षात असेल त्यांनी सांगावं.

पण त्या दिवसाचं अजून समजलं नाही. लोक म्हणतात मामाजी आले होते. मी भांडते त्यावर. भूत असतं की नसतं हा प्रश्नच नाही. मी त्या माणसाला ओळखत होते. जास्त चांगली जोडी अडवून स्वतःची जोडी पुढे काढणारा तो माणूस नव्हता. एकदा सख्ख्या साडूच्या जोडीला त्यांनी भर पटात तिसरा नंबर सांगितला होता, वर्षभर अबोला सोसला. असला माणूस मेल्यावर लबाडी करेल? मला पटत नाही.

मग भुरा हंबरला कोणाला? पटेलांच्या बैलांनी वळसा घातला तो कोणाला? मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्यानं लिहावं, मी वाचेन. फक्त त्या दिवशीचा पहिला नंबर कोणाचा असं मला कोणी विचारलं, तर मी आजही पटेलांचाच सांगते. आमची जोडी दुसरी होती.