डावीकडची मागची काच

मी मोटार घेतली तेव्हा आमच्या बँकेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मोटार घेतली याचं कुणाला नवल नव्हतं. नव्वदीची सुरुवात होती, लखनौच्या इंदिरा नगरात गल्लोगल्ली एखादी नवी कोरी छोटी गाडी दिसायला लागली होती. नवल होतं ते मी जवळजवळ माझ्याच वयाची गाडी घेतली याचं. "मैडम, लोग पुरानी बेचकर नई लेते हैं, आप उलटा चल रही हैं," कॅशियरसाहेब म्हणाले. "हाँ, उलटा ही सही," म्हणत मी चहा संपवला. कारण सांगायच्या भानगडीत पडले नाही.

कारण होतं माझे वडील. आप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. तरुणपणापासून हात थरथरायला लागेपर्यंत त्यांनी एकच गाडी चालवली: पन्नासच्या दशकातली, काळी, विलायती बनावटीची, गोल पाठीची. तिला ते पुसायचे, पॉलिश करायचे, पावसाळ्यात तिच्या चाकांखाली विटा लावायचे. डॉक्टर मागच्या शीटवर डावीकडे बसायचे, आप्पा पुढे उजवीकडे. रिकामी गाडी गॅरेजला न्यायची असली तरी आप्पा मागच्या शीटवर कधी पिशवीसुद्धा ठेवायचे नाहीत. मला एकदोनदा त्यांनी गाडीतून नेलं, तेही पुढे, त्यांच्या शेजारी. मागे बसायचा हट्ट केला तर म्हणायचे, "ती शीट आपली न्हाई."

मी शिकले, बँकेत लागले, लग्न झालं, आमचे हे इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि मी बदली मागून लखनौला आले. आणि एक दिवस बँकेच्या कामासाठी निशातगंजमधल्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडे गेले, तर अंगणात आंब्याखाली तीच गाडी. म्हणजे तीच नव्हे, पण तसलीच. मी काम विसरले. दार उघडून लावून बघितलं. तोच जाड, पोटातून आलेला आवाज. वकीलसाहेबांना वाटलं, या बाईला घेरी आली. त्यांनी पाणी मागवलं.

दोन महिन्यांत ती गाडी माझी झाली. इंजिन ठीक होतं, टायर बदलले, शीट नव्यानं शिवून घेतली. एकच खोट होती. मागच्या डाव्या दाराची काच कधीतरी क्रिकेटच्या चेंडूनं गेली होती आणि तिथे काळा रंग दिलेला पत्रा ठोकला होता. वकीलसाहेब अस्सल लखनवी. "पर्दा समझ लीजिए," म्हणाले. मीही तेव्हा हसले.

मग डिसेंबरात गावाहून फोन आला. आई गेल्यापासून आप्पा कुठेच गेले नव्हते. मी बोलावून थकले होते. आता आपण होऊन संक्रांतीला येतो म्हणाले. गाडीबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. मनात मात्र ठरवून टाकलं की चारबाग स्टेशनवर त्यांना घ्यायला ही गाडी जाणार, मी चालवणार, आणि आप्पा मागे डावीकडे बसणार, मालकाच्या जागी.

आणि नेमका तिथेच पत्रा.

"उजवीकडे बसवू ना," हे म्हणाले. "तिकडे काच आहे."

"मालक डावीकडे बसतो."

"मग पत्रा राहू दे. उलट थंडी लागणार नाही, दमा आहे त्यांना."

मी भडकलेच. जन्मभर ज्या माणसानं दुसऱ्याला मागे बसवून फिरवलं, त्याला एकदा मागे बसवायचं आणि तोंडासमोर पत्रा ठेवायचा? सामान आहे का ते? माझा आवाज शेजारी गेला असणार, कारण आमची मुलगी येऊन म्हणाली, "आई, धीरे बोलो ना, आंटी सुन रही हैं." ती मराठी सगळं समजायची, बोलायची हिंदीत. ह्यांनी मुकाट्यानं स्वेटर चढवला आणि म्हणाले, "चल, कुठे जायचं काच शोधायला?"

पहिल्यांदा इथल्याच लालबागला गेलो, सुट्या भागांच्या दुकानांत. प्रत्येक दुकानदार माझ्याकडे पाठ करून ह्यांना विचारायचा, "साहब, कौन सा मॉडल?" आणि हे प्रत्येक वेळी सांगायचे, "गाड़ी इनकी है, इनसे पूछिए." दुसऱ्या-तिसऱ्या दुकानापासून हे वाक्य ते जरा छाती काढून म्हणायला लागले, हे माझ्या लक्षात आलं, मला फार बरं वाटलं. काच मात्र नाही. एकानं हात जोडून सांगितलं, "बहनजी, इस गाड़ी के तो मालिक नहीं मिलते, शीशा कहाँ से मिलेगा!"

निशातगंजचा काचवाला म्हणाला, आत्ता कापून देतो. त्याच्याकडे घरच्या खिडक्यांची साधी काच होती. मी नको म्हटलं. मोटारीच्या दाराला घरची काच लावली तर फुटल्यावर तिचे सुरे होतात, हे आप्पांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. अपघातातली माणसं डॉक्टरांकडे यायची, ती त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. काचवाला म्हणाला, "शीशा तो शीशा होता है, बहनजी." त्याच्याशी वाद घालत बसले असते, पण ह्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं.

पुण्याला माझा भाऊ होता. त्यानं जुन्या बाजारात खेटे घालून तसल्याच गाडीची काच मिळवली, गोधडीत गुंडाळून, खोक्यात घालून रेल्वेनं पाठवली. पार्सल घरी आलं आणि उचललं तर आतून खुळखुळ आवाज. आम्ही ते उघडलंही नाही बराच वेळ. भावाला फोन करून सुखरूप पोचलं म्हणून सांगितलं. त्याची हौस कशाला मोडा?

शेवटी बातमी लागली चिनहटला. फैजाबाद रोडवर बसच्या बॉड्या बांधायचा एक कारखाना होता. बसला जी काच घालतात ती दुपदरी असते, मध्ये पातळ पापुद्रा. फुटली तरी जागेवर धरून राहते. आमच्या गाडीची दाराची काच सपाटच होती, तेव्हा तीच मापानं कापून बसवता येणार होती. तिथल्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "नाप ले आइए, काग़ज़ पर काटकर."

माप म्हणजे माझं राज्य! रविवारी अंगणात गाडी घेतली आणि उजव्या मागच्या दाराचा आतला पुठ्ठा काढला, स्क्रू वाटीत ठेवले, काच वरखाली करायचं हँडल सोडवलं, आणि सबंध काच अलगद बाहेर काढली. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी आप्पांच्या हातात पाने देता देता आलं होतं. गल्लीतले लोक कुंपणाशी उभे राहिले. शर्मा आंटी, पांडे आंटी अशा कुणी ना कुणी रोज मला भाज्यांचे भाव विचारायच्या, त्या दिवशी गाडीचे प्रश्न विचारत होत्या. मी कपाळावरचे केस मागे सारायच्या निमित्तानं जास्तच काळे हात कपाळाला लावून घेतले.

काच खाकी कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. दाराच्या खाचेत लपणारा भागसुद्धा त्यात आला. कागद कापला, ह्यांनी तपासला, छान म्हणाले. उलटा केला की डावीकडचं माप. दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर तो चिनहटला देऊन आले.

आप्पा यायच्या आदल्या दिवशी काच घरी आणली आणि बसवायला घेतली, तर जाईना. तिरकी केली, सरळ केली, खाचेत साबण लावला. सगळ्या बाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्त. मिस्त्रींना चार शब्द मनातल्या मनात सुनावले. मग बरोबर परत दिलेला कागदाचा नमुना उलगडला आणि माझी मीच जीभ चावली. कागदावर दोन रेघा होत्या. एक काचेची. तिच्याबाहेर अर्ध्या इंचावर दुसरी, सबंध, सुबक, आणि कागद त्या दुसऱ्या रेघेवर कापलेला. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. तिच्याजवळ बसून मी कापायला शिकले, आणि पंचविसेक वर्षं माझे ब्लाउज मीच शिवत होते. कागद पुढे आला, कात्री हातात आली, की हात आपोआप शिलाईपुरती जागा सोडतो. मी काचेला शिलाईची जागा सोडली होती!

हे इतके हसले की त्यांना अंगणातल्या पायरीवर बसावं लागलं. "आणि मी तपासलं," म्हणाले, "मी शास्त्रज्ञ." मीही हसले, आणि हसता हसताच रडू फुटलं, कारण संध्याकाळ झाली होती, कारखाना बंद झाला होता आणि आप्पांची गाडी सकाळी येणार होती. पत्रासुद्धा मी काढून टाकला होता. आता तिथे नुसतं भोक होतं.

सकाळी खिडकीबाहेर बघितलं तर समोरचं घर दिसेना. असं धुकं मी लखनौत दरवर्षी बघत होते आणि दरवर्षी शिव्या देत होते. ह्यांनी स्टेशनला फोन लावला. मुंबईची गाडी दुपारपर्यंत काही येत नाही म्हणाले. धुक्याचे पाय धरावेसे वाटले. काच कागदासकट रजईत गुंडाळली, टेंपोत मांडीवर आडवी घेतली आणि चिनहट गाठलं. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "बच्चा बीमार है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, बच्चा बड़ा हो गया है, छोटा करवाने जा रही हूँ." तो सरकून बसला.

मिस्त्री म्हणाले, "दो लकीरें देखकर हमने सोचा तो था, पर आप इतनी पक्की थीं कि पूछा नहीं." पक्की मी होतेच, त्यात खोटं काय! त्यांनी आतल्या रेघेवर हिऱ्याचं कलम दोन्ही बाजूंनी चालवलं, जादाची पट्टी सोडवली, कडा पाण्यात घासून दिल्या.

घरी आल्यावर ह्यांनी खालून धरली, मी वरून सोडली. काच खाचेत बसली. हँडल फिरवलं, वर गेली. फिरवलं, खाली आली. मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिले तेव्हा हे म्हणाले, "अगं, स्टेशनला जायचंय ना?"

चारबागला आप्पा उतरले ते पार सुकलेले, कानाला मफलर, हातात भाकरीची पिशवी. मी त्यांना बाहेर आणलं. गाडी दिसली आणि ते जागीच थांबले. एकदा माझ्याकडे बघितलं. मग पिशवी ह्यांच्या हातात देऊन गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला.

"कुणाची?"

"माझी."

"तुजी सोताची?"

"हो, आप्पा."

ते सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले. मी मागचं डावं दार उघडून धरलं आणि म्हटलं, "आप्पा, इकडे." त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते दाराशी आले, वाकले आणि चपला काढायला लागले.

"चपला घाला," मी ओरडलेच. स्टेशनवरचे हमाल बघायला लागले. "घाला आधी. तुमची गाडी आहे ही."

त्यांनी चपला घातल्या आणि आत बसले, शीटच्या कडेवर, पाठ न टेकता. हे पुढे माझ्या शेजारी बसले. मी दार लावलं, स्टिअरिंगवर बसले, गाडी काढली. मला वाटलं आप्पा थकले असतील, डुलकी लागली असेल. मी रस्त्याकडे बघत चालवत राहिले.

हजरतगंजला, शहरातल्या मुख्य बाजारपेठेत, वळलो आणि मानेला गार वारा लागला. आरशात बघितलं. आप्पा आता पाठ टेकून, ऐसपैस बसले होते. डावीकडची काच पार खाली केली होती आणि कोपर दारावर ठेवलं होतं.

"आप्पा, काच वर करा. दम लागेल. केवढी थंडी आहे!"

"असू दे," ते म्हणाले. "मागं कोन बसलंय ते दिसू दे की लोकांस्नी."

फुटपाथवर माणसं खरंच थांबून बघत होती. मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली आणि सगळं हजरतगंज हळूहळू पार केलं.