मामांचं हवाई

ज्याला माझ्या बायकोच्या मामांनी नाक मुरडलं नाही असं एकही ठिकाण अमेरिकेच्या पन्नास राज्यांत उरलेलं नसावं. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात अर्धा जन्म काढला, पण तिथल्या तळ्यांना ते अजून 'डबकी' म्हणतात. ग्रँड कॅनियनच्या कठड्यावरून वाकून "धूप झालीय, बांधबंदिस्ती करायला हवी होती," एवढंच म्हणाले. अशा माणसाला २००६ साली आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर नेलं. कारण मामी म्हणाल्या, "मला एकदा तरी हवाईचा समुद्र बघायचाय, आणि ह्यांना एकटं ठेवता येत नाही."

हिलो हे जुन्या लाकडी दुकानांचं शांत, ओलसर गाव. मामांनी गाडीची काच अर्धीच खाली केली. "ह्याला गाव म्हणतात? चहाची टपरी नाही, की पारावर दोन रिकामटेकडे नाहीत!" पुढे जंगलात गेलो. झाडांएवढे उंच नेचे, वरून सारखी रिपरिप. बायको भारावून गेली होती. "अगं, हे तण आहे," मामा छत्री उघडत म्हणाले, "वेळेवर खुरपलं नाही की असंच माजतं. आणि पाऊसच बघायचा तर आंबोली काय वाईट होती?" संध्याकाळपर्यंत मीही मनातल्या मनात त्यांना विमानात बसवून परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचे जुने अवशेष बघायला गेलो. चुन्याशिवाय रचलेली काळ्या दगडांची रुंद भिंत आणि लाकडी देव. मामा सुरू झाले, "भिंतीला गिलावासुद्धा..." तेवढ्यात तिथली गाइड सांगू लागली, की पूर्वी नियम मोडणाऱ्याला मृत्युदंड असे, पण तो पळत, पोहत इथवर पोचला, तर पुजारी त्याला शुद्ध करून घरी पाठवत.

"एनी क्राइम?" मामांनी विचारलं.

"एनी क्राइम, सर."

मामा माझ्याकडे वळले. "नुसतं आत शिरलं की माफ?"

"शार्क असलेल्या पाण्यातून पोहत यायचं, मामा."

"मग एवढं करून आलेल्याला कोण हाकलेल?" ते पुटपुटले आणि एका दगडावर टेकले.

मामांचा मुलगा रेडमंडला असतो. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्याने बेकरी टाकली. तेव्हा मामा त्याला म्हणाले होते, "पाव भाजायचे असतील तर ह्या घरात पाऊल ठेवू नकोस." त्याने ठेवलं नाही. सुरुवातीला त्याचे फोन येत. मामा ते घेत नसत. पुढे फोनही थांबले.

बऱ्याच वेळाने मामांनी हात पुढे केला. "जावईबापू, तुमचा सेल द्या. नंबर तुम्हीच लावा, मला पाठ नाही."

मी नंबर लावून फोन दिला. मामा उठून उभे राहिले.

"हॅलो... मी बोलतोय. बाबा." मग गडबडीने, "नाही नाही, आई ठीक आहे. सगळे ठीक आहेत." त्यांनी एकदा घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"पाव... कसले कसले करतोस रे?"

तिकडचं उत्तर बरंच लांबलं असावं. मामा मान खाली घालून ऐकत राहिले, मधेच नुसतं "हं" म्हणत. मामींनी डोळ्यांनीच खूण केली, तसे आम्ही तिघं पाण्याच्या दिशेने हळूहळू चालू लागलो.