आरशातली मेघा

शिलाईच्या दुकानात चिंध्या कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा साचतातच. किश्श्यांचंही तसंच! राजापेठेतल्या माझ्या दुकानातले बरेचसे हसण्यावारी जातात. हे मात्र सांगताना मी अजूनही एकदा आरशाकडे बघून घेते.

कटिंग करायच्या नसीमआपा, मूळच्या अचलपूरच्या. त्यांची मुलगी सना हुक-काज करायची, पण पडद्याआड बसून. तिच्या गालावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग. गिऱ्हाईक आलं की ती श्वाससुद्धा हळू घ्यायची. पडद्याच्या फटीतून समोरचा मोठा आरसा दिसे आणि आरशात टीव्ही. ती मालिका तशीच बघायची, आरशातून.

*

एका दुपारी मालिकेत मेघा आली. आमच्याच अमरावतीची, एसटी चालवणारी, "मले" म्हणणारी. आणि गालावर कोड! आमच्या मशिनी थांबल्या.

रोज नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्या सुमनकाकू म्हणाल्या, "काहून दाखवतेत असं? इचं लग्न कसं होईन?"

"लग्न राहू द्या काकू, तिले बस चालवू द्या!"

आवाज पडद्यामागून आला होता. काकू इतकी वर्षं येत होत्या, पण तिथे कोणी बसतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या घाबरून मला म्हणाल्या, "बाप्पा! टीव्ही मलेच बोलला का वं?"

*

मग काकू मेघाच्या भक्तच झाल्या. एकदा येऊन म्हणाल्या, "काल काय बोलली मेघा! म्हणे, डाग माहे हायेत, लाज तुमची हाय."

आम्हीही तो भाग पाहिला होता. असं कोणी बोललंच नव्हतं. मोबाईलवर पुन्हा लावून पाहिला, तरी नाही. काकू मात्र शपथेवर सांगत होत्या.

त्या गेल्यावर सना पडद्याआडून हळूच म्हणाली, "ते मी म्हटलं होतं. मनात."

नसीमआपांच्या हातातली कात्री कापडावर तशीच थांबली.

*

त्या सुमारास आपांनी सनासाठी कोपरापर्यंत बाह्यांचा कुर्ता शिवला. सना मनगटाच्या वर बाही कधी जाऊ द्यायची नाही. तिने घातला नाही, पण परतही केला नाही. "आरशात मी अन् मेघा शेजारीशेजारी दिसतो," एवढंच म्हणाली. आपांचे डोळे भरून आले. मी उगाच सुईत दोरा ओवत बसले.

*

आणि मग मालिकावाल्यांनी मेघाला परदेशी पाठवलं. परत आली ती स्वच्छ गालाची, आणि नटीसुद्धा दुसरीच! सगळे तिला ओवाळत होते. आपांनी उठून टीव्हीची पिनच काढली.

दुसऱ्या दिवशी सना आली नाही. काकू आल्या त्या ओल्या केसांनी.

"मेघा गेली ना," त्या म्हणाल्या. "गेल्याची बातमी आली का डोक्यावरून पाणी घ्या लागते."

मला हसू आलं नाही.

*

सना परतली, पण पुन्हा मुकी. टीव्ही आम्ही देऊन टाकला, त्याच्या फळीवर दोऱ्याचा डबा ठेवला.

एका दुपारी वरूडहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. नात्यातल्या लग्नासाठी तिला फ्रॉक शिवायचा होता. मुलीच्या डोळ्याजवळ आणि हातांवर कोड. मान वर करायला तयार नाही.

"बाही पूर्ण लावा," आई म्हणाली. "हात दिसले नाई पायजे."

पडदा सरकला. सना बाहेर आली, गळ्यात टेप, अंगात तोच कुर्ता. भर गिऱ्हाइकात! आपा उठता उठता खालीच बसल्या.

"माप मी घेते," सना म्हणाली.

मुलीने मान वर केली. सनाकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून आरशाकडे. आणि हसून हात हलवायला लागली.

"कोणाले वं?" आईने विचारलं.

"मेघाताईले. ते बी हात हलवून राहिली!"

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. आरशात फळी होती आणि दोऱ्याचा डबा.

सनाने मात्र मागे पाहिलंच नाही. मुलीच्या खांद्याला टेप लावत ती म्हणाली, "मले माहीत हाय. बाही कोपरापर्यंतच ठेव म्हणते ते."