‘उत्तर दिले’ असा शेरा

संध्याकाळी कचेरी बंद करण्याआधी एनॉस बकलिन त्या दिवसाची पत्रं खणातून परत बाहेर काढायचा. एकेक उलगडायचा, नकलांच्या वहीत त्याचं उत्तर बोटानं शोधायचा, आणि सापडल्यावरच पुन्हा घडी घालायचा. खिडकीबाहेरून ओतशाळेतले लोक घरी जाताना ओरडायचे, “बसली बघा कोंबडी अंड्यांवर! बकलिन, पिल्लं कधी निघणार?” तो मान वर करत नसे.

टॉन्टनच्या त्या कारखान्यात सूतगिरण्यांची यंत्रं बनत. गिरण्यांची पत्रं येत, लेव्ही टॅबर मालक उत्तर सांगत आणि एनॉस ते दोनदा लिही, एकदा पाठवायला, एकदा वहीत. उत्तर गेलं की आलेल्या पत्राची घडी करून पाठीवर गिरणीचं नाव, तारीख आणि ‘उत्तर दिले’ असा शेरा मारायचा. शेरा पडलेलं पत्र पुन्हा कुणी उघडत नसे.

अठराशे तेवीसच्या एप्रिलात समुद्रातून नदीला हेरिंग मासे चढले. अशा दिवशी टॉन्टनात कुणाचं कामात लक्ष नसतं. सगळा कारखाना जाळी घेऊन बांधाकडे पळाला. एनॉसच्या मेजावर एकच पत्र उरलं होतं. उत्तरेला न्यू हॅम्पशायरातल्या एका गिरणीचा व्यवस्थापक हॉइट यानं लिहिलं होतं, ‘पिंजणयंत्राच्या दातेरी चाकांवरचं झाकण तडकून पडलं आहे. नवं ताबडतोब ओतून पाठवावं. मुलींचे हात तिथूनच जातात.’ सकाळी मालकांना विचारून लिहू, असं म्हणून एनॉसनं आधीच शेरा मारला, पत्र खणात टाकलं आणि तोही पळाला. सकाळी चार यंत्रं गाडीवर चढवायची होती. पत्र डोक्यातून गेलं ते गेलंच.

पाच आठवड्यांनी गिरणीचं दुसरं पत्र आलं. या वेळी भागीदारांचं. लोविना पाइक नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीची उजव्या हाताची तीन बोटं चाकात गेली होती, ती गिलमंटनला बापाच्या शेतावर परतली होती. झाकण अजून मिळालेलं नाही. शिवाय सूत कातायच्या दोन डझन चात्या हव्यात.

“पहिलं पत्र आलं होतं आपल्याकडे?” मालकांनी विचारलं.

एनॉसचा हात खणापासून वीतभर अंतरावर होता. “आठवत नाही, मालक.”

“मग आलंच नसणार. तुझ्या हातून कधी काही सुटलंय का? लिही, ‘आपलं आधीचं पत्र आम्हांला पोचलं नाही.’”

एनॉसनं लिहिलं. सुरेख, गोल अक्षरात. मग तेच वहीत पुन्हा लिहिलं.

त्या संध्याकाळपासून त्याची ती उलगडाउलगडी सुरू झाली. हेरिंग त्यानं सोडले. त्याची बहीण मर्सी म्हणायची, “मासा खात नाहीस, लग्न करत नाहीस. दादा, तुला झालंय तरी काय?” तो म्हणायचा, “काटे लागतात.”

एकवीस वर्षांनी टॅबर मालक वारले. त्यांना माती देऊन आल्यावर एनॉसनं लोविनाला सगळं लिहिलं. उत्तर आलं, अक्षर डावीकडे कललेलं.

‘बोटांचं दुःख मी कधीच सोडून दिलं. शाळेत शिकवते, डाव्या हातानं लिहिते. पण तुमचं उत्तर वाचून भागीदारांनी ठरवलं, की हॉइटसाहेबांनी पत्र लिहिलंच नव्हतं. त्यांना काढून टाकलं. “मी पत्र लिहिलं होतं,” असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. त्यांची बायको दर रविवारी प्रार्थनेला माझ्या पुढच्याच बाकावर बसते. तिला मी काय सांगू?’

एकाच मुलीचं ओझं वाहतोय, असं एनॉसला इतकी वर्षं वाटत होतं. मग त्यानं तेवीस सालचा खण ओढला, हॉइटचं पत्र काढलं आणि ‘उत्तर दिले’च्या खाली लिहिलं, ‘हे खोटं आहे. पत्र पोचलं होतं. एनॉस बकलिन.’ त्यावर वेगळा कागद गुंडाळून हॉइटच्या विधवेचं नाव घातलं.

टॅबरचा मुलगा सायलस दारात उभा होता. “काका, अस्सल पत्र बाहेर पाठवता? कारखान्याची अब्रू जाईल! बाबांचं नाव आहे त्यात.”

“अक्षर माझं आहे,” एनॉस म्हणाला, आणि पाठवलेल्या मजकुराची नक्कल त्यानं वहीत उतरवली.

विधवेचं उत्तर आलं नाही. पुढच्या वसंतात तो अंथरुणाला खिळला, तरी रोज दुपारी टपालाची चौकशी करायचा. एका दुपारी मर्सी टपालकचेरीतून आली, शालीची गाठ सोडत म्हणाली, “काही नाही रे, दादा.”

“बरं,” एनॉस म्हणाला. “चहा निवलाय, तेवढा गरम करून दे.”